वाव

बोटीच्या पोटाशी एक डबी आहे, ती टिक् करते.
टिक् तळाला जाते, आपटते, परत येते.
जाऊन येण्याला लागलेल्या वेळेतला अर्धा
म्हणजे खोली.
उन्हाळ्यात इथलं पाणी कढत आणि जास्त खारं,
आवाज त्यात पळत सुटतो,
म्हणून आकड्यात दुरुस्ती करावी लागते.
रास अल खैमाच्या बंदरात माझं काम एवढंच:
सकाळी सहापासून पाण्यावर सरळ रेघा मारायच्या
नांगरल्यासारख्या,
आणि गाळ कुठे साचला ते सांगायचं.

पहिल्या आठवड्यात जयवंतीनं फोनवर विचारलं,
"खोली केवढी आहे?"
मी म्हटलं, "साडेबारा मीटर. धक्क्याजवळ अकरा."
"अगो बाय! आणि राहता किती जण?"
मग दोघंही हसलो. ती आधी थांबली.

खोली बारा बाय दहा. माणसं सहा.
माझी खाट वरची, छत नाकापासून दोन वितींवर.
खालचा दिलमान झोपेत कुणाशी तरी
मेंढ्यांचा भाव करतो, रोज थोडा कमी.
एसीचं पाणी बादलीत पडतं. टिक्.
सवयीनं मी अर्धं करत राहतो.

तळाशीलला बाबांकडे डबी नव्हती.
दोरी होती. टोकाला शिसं,
शिशाच्या बुडाला साबणाचा लपका.
दोरी वर घेताना दोन्ही हात पसरायचे
या बोटांपासून त्या बोटांपर्यंत, छातीवरून,
एक वाव, दोन वाव.
साबणाला चिकटून आलेलं जिभेवर ठेवायचे,
थुंकायचे, आणि सांगायचे,
"सात वाव. चिखल. हयसर सुंगटा गावतली."
गावायची.

मी बारावी झाल्यावर
याच माणसानं जाळं तुणताना मान वर न करता म्हटलं,
"तुका हय वाव नाय."
शब्द तोच.
हात तेवढे पसरले नाहीत.

बंदराच्या फाटकावर ओबैद बसतो,
खजुराचा डबा पुढे करून.
त्याचा आजोबा मोत्यांसाठी बुडी मारायचा,
नाकाला चिमटा, पायाला दगड.
"किती खोल?" मी विचारलं.
ओबैद उठला, गुडघे वाजले,
आणि त्यानं दोन्ही हात पसरले. पांढऱ्या बाह्या शिडासारख्या.
"हे एक बाअ. असे नऊ. कधी अकरा."
मीही हात पसरले. म्हटलं, "वाव."
"वाव," तो म्हणाला. "बाअ," मी म्हणालो.
दोन माणसं धक्क्यावर समोरासमोर
मिठी मारणार असल्यासारखी उभी,
क्रेनवाल्यानं वरून भोंगा दिला
तेव्हा आम्ही हात खाली घेतले.
मधलं अंतर तेवढंच राहिलं.
खजूर मात्र त्यानं त्या दिवशी दोन दिले.

आता बाबा होडीवर जात नाहीत.
जयवंती सांगते, डोळे खोल गेलेत.
किती, असं माझ्या तोंडावर येतं, मी गिळतो.
आवाजही खोलातून येतो म्हणते,
विहिरीत कुणी बोलल्यासारखा,
आणि डॉक्टर म्हणतो, खोलात जाऊन तपासायला हवं,
मालवणात ते होत नाही.
मी पैसे पाठवतो. पावतीचा फोटो पाठवतो.

काल त्यांनी स्वतः फोन मागून घेतला.
"थयलो दर्यो किती खोल?"
वीस वर्षांत पहिल्यांदाच काही विचारलं मला.
मी खरं ते सांगितलं,
"खोल नाय, बाबा. उथळ आसा.
सगळ्यात खोल जागेर पन्नासेक वाव."

बराच वेळ नुसती खरखर.
माझा आवाज गेला असेल, आपटला असेल,
त्यांचा निघाला असेल.

"मगे," ते म्हणाले,
"इतकी माणसा थय बुडतत कशी?"

बादली भरत आली होती.
दिलमान उठला, दाराबाहेर ओतून आला.
मी फोन कानाला धरून
आकड्यात दुरुस्ती शोधत राहिलो.